वासंतीकाकूंची पकड

“सर म्हणतात घट्ट धरा. आता घट्ट धरलं तर ही सुटणार कशी?”

विजया हे पुटपुटली ती कुणाला ऐकवायला नव्हे. पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये बायका फार आणि गाद्या थोड्या, त्यामुळे एकीचं पुटपुटणं थेट दुसरीच्या कानात जाऊन पडायचं. आज ते वासंतीकाकूंच्या कानात पडलं. विजयाची जोडीदार अलकनंदा हात पुढे करून उभी होती. तिनं बांगड्या वर सारल्या आणि जरा बेतानं धर म्हणून सांगितलं, संध्याकाळी पाहुणे आहेत, कणीक मळायचीय. विजयानं बेतानं धरलं. अलकनंदानं ओलं धुणं पिळावं तसं तिचं मनगट पिळलं. विजया शहाण्या बाळासारखी गादीवर बसली, बसल्यावर आठवण होऊन लवंडलीही, आणि पलीकडून सरांनी, म्हणजे खंडेरावांनी, शाबासकी दिली. बघा, म्हणाले, ताकद लागली का कुठे?

काकूंनी वळून पाहिलं नाही. गाद्यांचे कोपरे सारखे करायला त्या वाकल्या, आणि गुडघ्यानं तक्रार केली म्हणून थोडा वेळ वाकूनच राहिल्या.

खंडेराव त्यांचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावाकडे न जाता दिल्लीतच राहिले. फौजेत असताना ज्युदो खेळायचे. तेव्हाची पदकं अजून टीव्हीच्या वर लटकलेली आहेत आणि दिवाळीत एकदा पुसली जातात. निवृत्तीनंतर गुडगावातल्या एका जपानी कंपनीत सिक्युरिटीचं काम बघताना त्यांना ओगावा भेटले. वयस्क इंजिनिअर, बोलणं कमी, घराण्यात आजोबांपासून जुजुत्सूची एक जुनी परंपरा चालत आलेली आणि ती शिकवायला इथे कुणी नाही. मग रविवारी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, गाड्यांच्या मधल्या जागेत, हे दोघं गादी अंथरून एकमेकांना आपटायला लागले. तिसऱ्या माणसाची गरज पडली की खंडेराव बायकोला घेऊन जायचे. लोकांचे नवरे रविवारी बायकोला इंडिया गेट दाखवतात, असं काकू तेव्हा म्हणायच्या, पण जायच्या.

ओगावांनी काकूंना पहिले कित्येक महिने फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, अंग गोल, हात गादीवर सपाट. त्यांच्याकडची रीत अशी, की जोडीत जो मोठा आणि जाणता, त्यानं पडायचं. गुरूनं हरायचं, शिष्याला जिंकू द्यायचं. पण एक अट: शिष्याचं चुकलं तर गुरूनं पडायचं नाही. उभं राहायचं. बोलायचंही नाही, नुसतं उभं राहायचं.

खंडेरावांना ही रीत फार आवडली होती. स्वतःचा वर्ग सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की मी पडणार, तुम्ही पाडा. पण इथल्या बायका सरांना पाडणार कशा? एकतर सर, त्यात सुभेदारसाहेब, त्यात वयानं मोठे. चुकून पाय लागला तर आधी वाकून नमस्कार करायच्या आणि मग पुढचा डाव. एकीनं तर त्यांचा हात धरण्याआधीच सॉरी म्हटलं होतं. थोडे दिवस त्यांनी रेटून बघितलं. मग ते जिंकायच्या बाजूला उभे राहिले आणि पडायचं काम आपोआप काकूंकडे आलं.

आणि काकू पडायच्याही अशा, की बघत राहावं. आवाज नाही, धडपड नाही. पारिजातकाचं फूल पडतं तसं पडतात, असं अलकनंदा म्हणायची. एकदा मुनिरकाच्या बाजारात भाजीच्या पिशव्यांसकट पायरीवरून पाय सटकला, तर काकू गोल फिरून उभ्याच राहिल्या. फक्त टोमॅटो गेले.

या सगळ्यातून खंडेरावांनी स्वतःची पद्धत बांधली. नाव दिलं ‘सुटका’. पांढरे कपडे नाहीत, कमरेला पट्टे नाहीत, वाकून अभिवादन नाही. जपानी शब्दही नकोत, दिल्लीच्या बसमध्ये ते कुणाला आठवणार? मनगट सोडवायचा जो मुख्य डाव, त्याचं नाव पिळा. बायकांनी रोजच्या कपड्यांत यायचं, खांद्याला पर्स, पायात चपला. हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या डीटीसीच्या बसच्या सीटांसारख्या मांडायच्या आणि मधल्या वाटेत सराव. जिन्यावरचा वेगळा, लिफ्टमधला वेगळा. जे रस्त्यावर उपयोगी नाही ते काढून टाकायचं, हा त्यांचा नियम. त्या नियमानं त्यांनी पडणं काढून टाकलं. आपण सुटायला आलोय, म्हणाले, पडायला कशाला शिकायचं? त्यात महिने जातात, आणि साडीतल्या बायका लाजतात.

परत जपानला जाण्याआधी ओगावा एकदा हा वर्ग बघायला आले होते. खंडेरावांनी काकूंना धरायला लावून एकेक डाव दाखवला. काकू पडल्या, पडल्या, पडल्या. शेवटी ओगावा उठले, खंडेरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्या पत्नी तुमच्यावर फार माया करतात. खंडेराव महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते. काकूंना मात्र त्याच दिवशी घरी चहाचे कप विसळताना ते वाक्य नीट ऐकू आलं, आणि नळ तसाच वाहत राहिला.

पण ते कुणाला सांगणार? नवरा पहाटे उठून, चहाच्या आधी, हात पुढे करायचा. धर, म्हणायचा. काकू धरायच्या. तो पिळायचा. त्याच्या हातांची त्यांना इतकी सवय झाली होती, की तो वळायच्या आधीच त्यांची बोटं सैल व्हायची. ठरवून नव्हे. पोळीवर तूप घालताना कुणी मोजतं का, तसं. निवृत्त माणूस घरात नुसता बसला की काय होतं ते त्यांनी शेजारी बघितलं होतं. हा तर उठत होता, दाढी करत होता, बायकांची मनगटं वाचवायला निघत होता.

मग ऑक्टोबरात स्वरूपाचं झालं.

स्वरूपा म्हणजे विनायकची मुलगी. विनायक केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, कॉलनीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी, आणि दर मराठी कार्यक्रमात माईक त्याच्याच हातात. मुलगी नोएडाला एका न्यूज चॅनलमध्ये व्हिडिओ एडिटिंग करायची. वर्गातली सगळ्यात चपळ. खंडेराव तिला मॉनिटर म्हणायचे. ऑफिस सुटल्यावर मेट्रो स्टेशनच्या पादचारी पुलावर एकानं तिचं मनगट आणि पर्स एकदम धरली. तिनं पर्स टाकून पळायला पाहिजे होतं, बाजूला लोकही होते. पण ती थांबली. पाय रोवले, श्वास सोडला, आणि शिकवल्याप्रमाणे पिळा घातला. त्या माणसाचा हात हललाही नाही. त्यानं हिसका दिला, आणि स्वरूपा उजव्या हातावर सगळं अंग घेऊन पायऱ्यांवरून खाली गेली. कोपरात प्लेट बसवावी लागली. प्लास्टर निघालं, पण दोन बोटं सरळ होईनात. माऊस धरता येईना, वेणी घालता येईना.

हॉस्पिटलमध्ये खंडेराव पलंगापाशी उभे राहिले तेव्हा विनायकनंच त्यांचे हात हातात घेतले होते. “तुमचं शिकलेली होती, सर, म्हणून एवढ्यावर निभावलं.”

हे वाक्य मग कॉलनीभर झालं. पार्कात, भाजीवाल्यापाशी, चाचा नावाच्या इस्त्रीवाल्याच्या ठेल्यावर हिंदीतून. सरांचं शिकलेली होती म्हणून. बायका म्हणायच्या, पोर घाबरली असेल, घाबरलं की विसरायला होतं. कुणी म्हणायचं, थंडी सुरू झाली होती, हात आखडतो. सगळ्यांना खंडेरावांची काळजी होती. ते म्हातारे झाले होते त्या आठवड्यात. कॉलर सैल पडायला लागली होती.

मग त्यांनी उत्तर शोधून काढलं. अंगठा. पिळ्यात अंगठा चुकत असणार. पहाटेचा चहा मागे पडला आणि रोज नवा अंगठा सुरू झाला. धर, आता धर, आता अशी धर. काकू पलंगावर पडायच्या, गादीवर पडायच्या, एकदा धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर पडल्या. संध्याकाळी खंडेराव त्यांच्या गुडघ्याला बाम चोळून द्यायचे. हळूहळू, गोल गोल, तोंड खाली घालून.

“तुला लागत तर नाही ना माझ्यामुळे?”

नाही, असं काकूंनी सांगितलं. तेवढं तरी खरं होतं. पडायला त्या ओगावांकडून शिकल्या होत्या.

डिसेंबरात खंडेरावांनी स्वरूपाला घरी बोलावलं. त्यानं कसं धरलं होतं ते मला धरून दाखव, म्हणाले. तिनं डावा हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटाभोवती ठेवला, काचेचं भांडं धरावं तसा. त्यांनी नवा पिळा घातला, हात सुटला. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी उजळलं. असंच होतं ना, अंगठाच होता ना? स्वरूपानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हो सर, तोच असेल, म्हणाली.

मग ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. केस सुटले होते. काकूंनी तिला स्टुलावर बसवलं आणि कंगवा घेतला. वेणी निम्मी झाल्यावर ती समोरच्या डब्यांकडे बघत हळूच म्हणाली, “काकू, त्यानं फार घट्ट धरलं होतं.”

काकूंनी पेड घालणं थांबवलं नाही. रबर लावला, वेणी पुढे टाकून दिली. स्वरूपा गेल्यावर त्या कंगव्यातले केस काढत राहिल्या, निघाले तरी काढत राहिल्या.

जानेवारीत विनायक बातमी घेऊन आला. असोसिएशननं ठरवलं होतं, आपल्या आणि आजूबाजूच्या सेक्टरांतल्या सगळ्या शाळकरी मुलींना ‘सुटका’ शिकवायची. रविवारी हॉलमध्ये डेमो, मुली आणि त्यांचे आईवडील येतील, पुढच्या आठवड्यापासून बॅच. स्वरूपा दोन शब्द बोलेल. आपल्याच मुलीवर प्रसंग आला, ती तुमच्यामुळे वाचली, हे तिच्याच तोंडून ऐकलं की लोकांना पटतं, म्हणाला. सांगताना त्याची नजर चहाच्या कपात होती. तो वाईट माणूस नव्हता. मुलीच्या दोन बोटांना काहीतरी अर्थ असावा असं त्याला वाटत होतं, आणि हाच एक त्याच्या हाताशी होता.

शनिवारी पहाटे काकूंनी ठरवलं, आता बोलायचं. खंडेराव गॅलरीत धुक्याकडे तोंड करून उभे होते, हवेतच कुणाचंतरी मनगट पिळत. पाठमोरे, मफलर गुंडाळलेले. त्या बाहेर आल्या आणि अहो म्हणाल्या. ते वळले. एखाद्या पोराला निकालाच्या दिवशी हाक मारावी तसे वळले.

“काय गं?”

साखर संपलीय, असं सांगून काकू आत आल्या. डबा भरलेला होता.

जर गप्प राहिल्या, तर सोमवारपासून हॉलभर मुली येतील आणि त्या प्रत्येकीला वाटेल की आपल्याला सुटता येतं. त्यातली एखादी कधीतरी पळायचं सोडून थांबेल. आणि बोलल्या, तर हा माणूस उद्या पहाटे कशासाठी उठेल? दिवसभर त्या या दोन वाक्यांच्या मधे स्वयंपाक करत होत्या. भाजीत मीठ दोनदा पडलं. खंडेरावांनी ताटातलं सगळं संपवलं आणि काही म्हणाले नाहीत.

रविवारी हॉल भरला. कुणाच्यातरी लग्नाच्या झालरी अजून भिंतीवर होत्या, त्या तशाच ठेवल्या, शोभा आली. पुढे सतरंजीवर मुली, शाळेचे निळे स्वेटर, कानटोप्या. मागे खुर्च्यांवर पालक. स्वरूपा पहिल्या खुर्चीवर, उजवा हात शालीखाली. विनायकनं माईक घेऊन खंडेरावांची ओळख करून दिली. फौज, जपान, स्त्रीशक्ती, सगळं मराठीत आणि मग पुन्हा हिंदीत. मग स्वरूपाला उभं केलं.

तिनं डाव्या हातात माईक घेतला. सरांनी आम्हाला खूप मनापासून शिकवलं, असं म्हणाली आणि बसली. वाक्य अर्धवट राहिलंय असं सगळ्यांना वाटलं, म्हणून विनायकनं ते पुरं केलं. सरांचं शिकलेली होती म्हणून निभावलं. टाळ्या झाल्या. स्वरूपा एका हातानं मांडीवर टाळी वाजवत होती.

खंडेराव पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, आत थर्मल, केसांना पाणी लावून बसवलेले. त्यांनी हात पुढे केला.

“बघा मुलींनो. ही माझी बायको आहे म्हणून हळू धरणार नाही हं.” हॉल हसला. “धर गं.”

काकूंनी धरलं. तेवढ्यात त्यांना पुढच्या रांगेत दोन मुली दिसल्या. खंडेरावांनी दाखवायच्या आधीच एकीनं दुसरीचं मनगट पिळलं होतं, आणि ती दुसरी जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून, मेल्याचं सोंग करत सतरंजीवर लवंडली होती. पहिली जिंकल्यासारखी आजूबाजूला बघत होती. खरंच जिंकल्यासारखी.

खंडेराव वळले. नवा पिळा, नवा अंगठा.

काकूंची बोटं सैल व्हायला निघाली, सवयीनं, आणि त्यांनी ती मिटली.

हात सुटला नाही. खंडेराव किंचित हसले, पुन्हा वळले. या वेळी खांदाही लावला. काकूंचा गुडघा कळवळला पण पाय हलले नाहीत. त्यांना आपल्या बोटांखाली नवऱ्याची नाडी लागत होती. आयुष्यभरात हे मनगट त्यांनी एवढं घट्ट कधी धरलं नव्हतं, आणि धरल्यावर कळलं की ते किती बारीक झालंय.

ते तिसऱ्यांदा वळले. श्वास जोरात झाला होता. कपाळावरचं पाणी केसांचं की घामाचं ते कळत नव्हतं. कुणीतरी मागे खुर्ची सरकवली.

“वासंती,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. चारचौघांत ते कधी नाव घेत नसत. “सोड.”

काकूंनी मान हलवली. नाही.

विनायक माईक खाली धरून पुढे आला आणि हसत म्हणाला, की हॉलमध्ये फार गारठा आहे, सरांचे हात आखडले असतील, हीटर लावू या का. अलकनंदा लगेच म्हणाली, काकू आज घाबरल्यात, एवढी माणसं बघून विसरल्या असतील. हो ना काकू? विजया स्वतःच्या बोटांकडे बघत होती. स्वरूपा उठून उभी राहिली होती आणि तिची शाल खाली पडली होती.

खंडेरावांनी ओढणं थांबवलं. आता ते नुसते उभे होते, हात बायकोच्या हातात, समोर मुली, आणि ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. रागावून नव्हे. ओगावा असेच उभे राहायचे, न बोलता, शिष्याला त्याचं त्याला कळेपर्यंत. काकूंना वाटलं, यांना कळलंय. कदाचित स्वरूपानं काचेच्या भांड्यासारखं मनगट धरलं तेव्हाच कळलं असेल. तरी कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, त्या लवंडलेल्या मुलीला ऐकू जाईल असं, आणि म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

“अहो, हे सुटत नाही,” काकू म्हणाल्या. “कधीच सुटत नव्हतं. मी सोडत होते.”